न विचारता लावलेली झाडे



आपल्यापैकी काही जणांना आठवत असेल. पंधरा-सोळा वर्षांपूर्वी मृगाचा पहिला पाऊस झाल्यावर आपल्या युवक मंडळाने गावाबाहेरच्या माळावर झाडे लावण्याचा बेत केला होता. तोंडी परवानगी घेतली, रोपवाटिकेतून दोनशे रोपे आणली. गुलमोहर, सुबाभूळ, गिरिपुष्प अशी जी मिळाली ती. रविवारची मिस्सा संपल्यावर टिकाव, फावडी, घमेली घेऊन आपण सगळे निघालो. सिस्टरांनी लिंबू सरबत केले होते. दुपारपर्यंत दीडशेच्या वर खड्डे झाले.

तेवढ्यात मेंढरे घेऊन एक म्हातारे धनगर तिकडून आले. काठीवर हनुवटी टेकवून बराच वेळ नुसते बघत उभे राहिले आणि मग म्हणाले, “आवो, हितं खड्डं कशापायी काढताय?”

आपल्यातला एक जण उत्साहाने म्हणाला, “मामा, झाडं लावतोय. सगळा माळ ओसाड पडलाय. चार वर्षांत सावली होईल बघा.”

“वसाड?” त्यांनी आजूबाजूला पाहिले. “ह्यो माळ वसाड हाय व्हय? मंग माझी मेंढरं इतकी वर्सं काय खात्यात? आन् ही गवतात अंडी घालणारी पाखरं, ती कुठं जात्याली? झाडावर बसंल त्यो ससाणा आन् कावळा. त्येच खात्याला ती अंडी.”

आपण हसलो. कुणीतरी म्हणाले, “मामांना चराईची काळजी पडलीय.” ते रागावले नाहीत. “तुमचं तुमी बगा बुवा,” म्हणाले आणि मेंढरे पुढे हाकीत गेले. आपण उरलेले खड्डे भरले, फोटो काढला आणि तो देवळाच्या दारातल्या फलकावर कितीतरी महिने लावून ठेवला.

हे आज सांगण्याचे कारण असे, की गेल्या नोव्हेंबरात आम्ही काही जण नान्नजला जाऊन आलो. तिथे त्या म्हाताऱ्यांचे बोलणे पुन्हा ऐकायला मिळाले, फक्त ते या वेळी शिकल्यासवरलेल्या माणसाच्या तोंडून आले.

नान्नज आपल्यापासून फार लांब नाही. सोलापूरहून बार्शीकडे जाणाऱ्या रस्त्यावर ते गाव आहे आणि तिथला माळ माळढोक पक्ष्यासाठी राखलेला आहे. नोव्हेंबरच्या ५ तारखेपासून १२ तारखेपर्यंत आपल्या राज्यात पक्षी सप्ताह पाळतात. ५ नोव्हेंबर हा मारुती चितमपल्ली यांचा जन्मदिवस आणि १२ नोव्हेंबर हा डॉ. सलीम अली यांचा. चितमपल्ली आपल्या सोलापूरचे. १९३२ मध्ये इथेच जन्मले, आयुष्यभर वनखात्यात नोकरी करून रानावर लिहीत राहिले. २००६ च्या सोलापूरच्या साहित्य संमेलनाचे ते अध्यक्ष होते. २०२५ मध्ये त्यांना पद्मश्री जाहीर झाली आणि त्याच वर्षी जूनमध्ये सोलापुरातच त्यांनी देह ठेवला. झाडांची, पाखरांची नावे त्यांनी पुस्तकांतून तर घेतलीच, पण पारधी, गोंड, माडिया अशा रानात राहणाऱ्या माणसांना विचारूनही गोळा केली. ही विचारण्याची गोष्ट लक्षात ठेवावी, पुढे ती कामाला येणार आहे.

सोलापुरात निसर्ग पाहणाऱ्यांची मंडळे आहेत. कुणी शिक्षक, कुणी बँकेत, कुणी डॉक्टर, कुणाचे दुकान. सुट्टीच्या दिवशी पहाटे उठून हे लोक माळावर किंवा तळ्याकाठी जातात, पाहतात, वहीत लिहितात आणि घरी येतात. बुद्ध पौर्णिमेच्या रात्री वनखाते पाणवठ्यावर प्राण्यांची मोजणी करते, तेव्हा यांच्यातले काही मचाणावर रात्रभर न बोलता बसतात. त्यातल्याच एका गृहस्थांनी आम्हांला माळ दाखवला.

खरे सांगायचे तर पहिला तासभर आमची निराशाच झाली. गुडघ्याएवढे पिवळे गवत, मध्येच एखादी बोराटी, तरवडाची झुडपे, बाकी सगळे मोकळे. कपड्यांत कुसळे घुसून पाय खाजत होते. आमच्यातल्या एका मावशी हळूच म्हणाल्या, “असला माळ तर आपल्या घरामागंही हाय की. त्यासाठी दोन तास गाडीत कशाला बसायचं?”

त्या गृहस्थांच्या कानावर ते गेले. ते हसून म्हणाले, “मावशी, अगदी बरोबर बोललात. तुमच्या घरामागं आहे तोच हा. पण तिथं तुम्ही कधी खाली बसून बघितलाय का?”

मग त्यांनी आम्हांला बसवले. बसल्यावर माळ वेगळा दिसतो. ज्याला आम्ही सरसकट गवत म्हणत होतो, त्यात पवन्या होता, मारवेल होता आणि कपड्यांना चिकटणारी ती कुसळी. चंडोल बोलत बोलत सरळ आभाळात चढला आणि तिथून दगडासारखा खाली आला. धाविक नावाचा मातकट रंगाचा पक्षी चार पावले पळायचा आणि थांबायचा. थांबला की तो जमिनीतच मिसळून जायचा, आणि आम्ही एकमेकांना विचारायचो, कुठे गेला? थंडीत परदेशातून येणारा भोवत्या गवतावरून अगदी खालून तरंगत गेला. लांबवर काळविटांचा कळप होता. खोकडाचे बीळ पाहिले, खोकड काही भेटले नाही.

माळढोकही भेटला नाही. एके काळी नान्नजला हमखास दिसणारा हा पक्षी अलीकडे कुणाला एखादा दिसला तर त्याची बातमी होते. साऱ्या देशात मिळून आता दीडशेच्या आसपासच उरले असावेत, तेही बहुतेक राजस्थानात. मीटरभर उंचीचा, नर बारा-पंधरा किलो भरेल असा हा पक्षी. उडणाऱ्या पाखरांत त्याच्याएवढे जड फार थोडे. मादी वर्षातून साधारण एकच अंडे घालते, तेही उघड्या जमिनीवर, घरट्याशिवाय. नाकतोडे, किडे, सरडे, धान्य हे त्याचे खाणे. त्याला झाडी नको, लांबवर दिसेल असा मोकळा माळ हवा. डोळे डोक्याच्या दोन बाजूंना असल्यामुळे समोरचे त्याला नीट दिसत नाही, म्हणून विजेच्या तारांना धडकून बरेच मरतात.

“आणि झाडे?” आम्ही विचारले.

ते म्हणाले, माळावर झाडे लावणे हेही माळढोकाच्या मुळावर आलेल्या गोष्टींपैकी एक आहे. नान्नजच्या माळावरसुद्धा पूर्वी चांगल्या हेतूने गिरिपुष्पासारखी परकी झाडे लावली गेली. झाड वाढले की त्याखाली गवत मरते, मोकळेपणा जातो, शिकारी पक्ष्यांना टेहळणीला जागा मिळते, आणि जमिनीवर अंडे घालणारी पाखरे तो माळ सोडून जातात.

आम्ही एकमेकांकडे पाहिले. काठीवर हनुवटी टेकलेले ते म्हातारे सगळ्यांना एकदमच आठवले असावेत.

परतीच्या वाटेवर गाडीत मोठा वाद झाला, आणि तोच आज तुमच्यापुढे ठेवायचा आहे. प्रश्न साधा होता. आपण त्या दिवशी केले ते चांगले काम होते की वाईट? मनात खोट नव्हती, घाम गाळला, पैसा आपला घातला. मग ते चांगलेच नाही का? की परिणाम वाईट झाला म्हणून काम वाईट ठरले?

एक जण म्हणाला, हेतू चांगला होता, तेवढे पुरे. देव अंतःकरण पाहतो. दुसरा म्हणाला, औषध समजून कुणी भलतेच पाजले तर रोगी हेतूने बरा होत नाही. दोघांचेही थोडे थोडे खरे आहे. ख्रिस्तसभेच्या नीतिशास्त्रात या बाबतीत एक जुना भेद केलेला आहे. जे कळणे माणसाला शक्यच नव्हते, त्या अज्ञानाचा दोष त्याच्यावर येत नाही. पण विचारले असते तर कळले असते, आणि त्याने विचारायची तसदी घेतली नाही, अशा अज्ञानाचा दोष त्याच्याकडे राहतो.

या कसोटीला लावले तर आपली बाजू लंगडी पडते. माहीत असलेला माणूस समोर येऊन उभा होता. आपण विचारलेही नव्हते, तरी त्याने आपणहून सांगितले. आणि आपण हसलो. का हसलो? तो अडाणी मेंढपाळ आणि आपण पर्यावरणाचे काम करणारे. शिवाय त्याला त्यात स्वार्थ होता, चराईचा. पण ज्याचे पोट माळावर आहे तोच माळ नीट ओळखतो, एवढे साधे आपल्याला सुचले नाही.

‘पडीक’ हा शब्द जरा तपासून पाहावा. सारा न देणारी जमीन ती पडीक, हा सरकारी हिशोब इंग्रजांच्या काळापासून आपल्या डोक्यात बसलेला आहे. जिथे नांगर नाही, सावली नाही, तिथे काहीच नाही असे आपण धरून चालतो. आपल्या भागातल्या हलक्या, उथळ जमिनीवर आणि बेताच्या पावसावर गवत हेच मूळचे वैभव आहे. काळवीट, खोकड, लांडगा, चंडोल, धनगराची मेंढरे असा मोठा संसार त्यावर चालतो. त्याला ओसाड म्हणणे म्हणजे कुणाच्या नांदत्या घरात शिरून, “जागा रिकामीच दिसतेय,” असे म्हणण्यासारखे आहे.

अशी मंडळे कुठून सुरू झाली याची माहिती आम्ही नंतर काढली. आपल्या देशातले यांतले सर्वांत नावाजलेले मंडळ म्हणजे मुंबईची बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटी. १५ सप्टेंबर १८८३ रोजी आठ जणांनी ती स्थापली. त्यांतले दोघे आपले मराठी डॉक्टर, प्रार्थना समाजाचे आत्माराम पांडुरंग आणि वनस्पतींचे जाणकार सखाराम अर्जुन. पुढे फिप्सन नावाच्या दारूच्या व्यापाऱ्याने फोर्ब्स स्ट्रीटवरच्या आपल्या दुकानात सोसायटीला जागा दिली. (मद्याच्या दुकानातूनही कधी चांगले काही निघते, हे वाचून आपल्यातल्या काहींना आनंद होईल.)

या कामात आपले फादरही होते. स्वित्झर्लंडहून आलेले येशूसंघीय फादर एथेलबर्ट ब्लाटर मुंबईच्या सेंट झेवियर्स कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवीत. ते कॉलेजचे प्राचार्य होते आणि सोसायटीचे उपाध्यक्षही. त्यांच्या नावाचा वाळवलेल्या वनस्पतींचा संग्रह त्या कॉलेजात आजही आहे. अशा संग्रहात प्रत्येक कागदावर एक फांदी चिकटवलेली असते, आणि शेजारी ती कुठे, कधी, कुणी गोळा केली ते लिहिलेले असते. शंभर वर्षांपूर्वी एखाद्या टेकडीवर काय उगवत होते, हे आज त्या कागदावरून कळते. १९३४ मध्ये फादर ब्लाटर वारले. त्यांच्यानंतर स्पेनचे फादर हर्मेनेगिल्ड संतापाऊ यांनी ही परंपरा चालवली. खंडाळ्याच्या वनस्पतींवर त्यांनी ग्रंथ लिहिला, भारत सरकारच्या वनस्पती सर्वेक्षण खात्याचे ते प्रमुख झाले आणि १९६७ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. परक्या देशातून आलेल्या या माणसांनी आपल्या डोंगरातल्या एकेका गवताची नावे शिकून घेतली. आपण मात्र घरामागच्या माळाला ओसाड म्हणून मोकळे झालो.

पण जाणकारी म्हणजे पुण्यच, असेही आम्हांला म्हणवत नाही. सलीम अलींची गोष्ट बरीच जणांना ठाऊक असेल. लहानपणी छर्ऱ्याच्या बंदुकीने त्यांनी एक चिमणी मारली. तिच्या गळ्यावर पिवळा डाग होता. ही कोणती, म्हणून मामांची चिठ्ठी घेऊन ते सोसायटीत मिलार्डसाहेबांकडे गेले. हे मिलार्ड म्हणजे ज्यांनी फादर ब्लाटरांबरोबर झाडांवर पुस्तक लिहिले तेच. त्यांनी त्या पोराला पेंढा भरलेल्या पक्ष्यांची कपाटे उघडून दाखवली आणि तिथून त्यांच्या आयुष्याला वळण लागले. पुढे १९८५ मध्ये आत्मचरित्राला त्यांनी नाव दिले ते चिमणीच्या पडण्याचेच. शुभवर्तमानात प्रभूने जमिनीवर पडणाऱ्या चिमणीचा उल्लेख केला आहे, तो आपल्याला आठवल्यावाचून राहत नाही. तेव्हाच्या निसर्गप्रेमींचे ज्ञान असेच बंदुकीच्या नळीतून यायचे. आधी पाडायचे, मग ओळखायचे. ती पद्धत आता गेली, दुर्बीण आली, हे चांगले झाले.

पक्ष्याची माहिती आहे, त्याच्याबद्दल कळवळाही आहे, पण तिथल्या माणसाला विचारलेले नाही, असेही होऊ शकते. आपल्या माढा तालुक्याने हे भोगले आहे. १९७९ मध्ये माळढोकासाठी अभयारण्य जाहीर झाले ते ८,४९६ चौरस किलोमीटरचे. सोलापूर आणि तेव्हाच्या अहमदनगर जिल्ह्यांतले तालुकेच्या तालुके त्यात आले. माढा, मोहोळ, करमाळा, उत्तर सोलापूर आले. शेते आली, गावे आली, रस्ते आले. जमीन विकायची तर अडचण, बांधकामाला अडचण, धंदा काढायचा तर अडचण. आपल्या घरांतल्या वडीलधाऱ्यांना विचारा. मुलीच्या लग्नासाठी एकरभर विकायला निघालेला माणूस कचेरीच्या पायऱ्या झिजवून परत येई आणि ज्या पाखराला त्याने जन्मात पाहिले नव्हते, त्याला शिव्या घाली. पुढे २०१२ च्या सुमारास ते क्षेत्र सुमारे १,२२२ चौरस किलोमीटरवर आणले गेले. पण मधल्या तीस-बत्तीस वर्षांत लोकांच्या मनात माळढोक म्हणजे एक सरकारी अडचण होऊन बसला होता. लोकांना त्रास झाला तो झालाच, आणि पाखरूही वाचले नाही.

आमच्या मते माळावर झाडे लावताना आपण जी चूक केली, तीच ही मोठ्या प्रमाणावर केलेली चूक होती. पाखरू खरोखर कुठे राहते, कुठे अंडी घालते, कोणत्या शेतकऱ्याच्या शेतात ते ज्वारी-हरभऱ्यात येते आणि तो त्याला येऊ देतो, हे त्या शेतकऱ्यांच्या बांधावर जाऊन आधी विचारले असते, तर नकाशा लहान झाला असता आणि राखणदार वाढले असते. १९८१ पासून सोसायटीने माळढोकाचा सविस्तर अभ्यास केला, नान्नजलाही अभ्यासक राहिले. पण तोपर्यंत नकाशा आखून झाला होता.

आता गाडीतल्या वादातले शेवटचे आणि सर्वांत अवघड बोलणे. आमच्यातला एक शेतकरी भाऊ तोवर गप्प होता. तो म्हणाला, “सगळं पटलं. पण उजनीचं पाणी आलं म्हणून माझ्या बापाचा माळ उसाखाली आला, आणि त्या उसावर मी शिकलो. तो माळ तसाच राहिला असता तर चंडोल राहिला असता, मी मुंबईला हमाली करत असतो. मग मी काय करायला हवं होतं?”

गाडीत कुणालाच लगेच उत्तर देता आले नाही. आम्हांला आजही देता येत नाही. पोप फ्रान्सिस यांनी २०१५ च्या आपल्या परिपत्रकात गरिबांचा आक्रोश आणि पृथ्वीचा आक्रोश एकत्रच ऐकायला सांगितले आहे. ते वाचताना पटते. पण ज्याच्या दोन एकरांवर हे दोन्ही आक्रोश समोरासमोर येतात, त्याने कुठला आधी ऐकायचा? त्या भावाच्या वडिलांनी ऊस लावला यात आम्हांला पाप दिसत नाही. उपाशी लेकरे घेऊन चंडोलासाठी माळ राखा, असे सांगायचा अधिकार भरल्या पोटी दुर्बीण घेऊन फिरणाऱ्याला नाही. मात्र एवढे म्हणता येईल, की त्याच्या वडिलांनी माळ गमावताना काय गमावले हे त्यांना ठाऊक होते. गवत ते ओळखत होते. गरजेपोटी त्यांनी निवड केली. आपल्याला तर गरज नव्हती, आणि जे पुसतोय ते काय आहे हेही ठाऊक नव्हते. दोन्ही ठिकाणी माळ गेला तरी या दोन गोष्टी एका मापाने मोजता येत नाहीत, असे आम्हांला वाटते. यावर तुमचे मत वेगळे असेल तर जरूर कळवा, पुढच्या अंकात छापू.

राहिली आपली झाडे. नान्नजहून आल्यावर पुढच्याच रविवारी आम्ही तिकडे गेलो. दोनशेपैकी गुलमोहर जवळजवळ सगळे पहिल्या दोन उन्हाळ्यांतच वाळले होते. गिरिपुष्पाची थोडी खुंटे उभी आहेत. सुबाभूळ मात्र जगली, आणि शेंगा फुटून बी पसरल्याने आपण लावली त्याहून कितीतरी जास्त झाली आहे. तिच्या दाटीखाली गवताची काडी नाही.

ते म्हातारे धनगर आता नाहीत. त्यांचा नातू मेंढरे राखतो. त्याला आम्ही सगळे सांगितले, तेव्हा तो संकोचाने म्हणाला, “आज्जा घरी आल्यावर बोलला हुता, देवळातली माणसं भली हायती, पर त्यास्नी माळ दिसत न्हाई.” त्याला बरोबर घेऊन आम्ही सुबाभळीची लहान रोपे उपटायला सुरुवात केली आहे. तोडायची कोणती आणि ठेवायची कोणती, हे तो सांगतो. एक जुना हिवर आणि दोन बोरी त्याने ठेवायला लावल्या. त्या माळाच्याच आहेत म्हणाला. आपल्या गावाच्या नावात निंब आहे, तेव्हा एखादा निंब तरी लावू या, असे आमच्यातल्या एकाने सुचवले. तो म्हणाला, “लावा की. पर गावात लावा, माळाव नगं.”

शंभर पानी एक वही देवळाच्या मागच्या बाकावर ठेवली आहे. माळावर दिसलेले गवत, झुडूप, पाखरू, त्याचे आपल्याकडचे नाव, तारीख आणि पाहणाऱ्याचे नाव त्यात लिहावे. आजवर सत्तावीस नावे झाली. त्यांतली एकोणीस त्या नातवाने सांगितली आणि चार आपल्या कोपऱ्यातल्या बाकावर बसणाऱ्या आजींनी. अकराव्या पानावर एक गवत चिकटवले आहे, तांबूस तुऱ्याचे, वितीएवढे, ओढ्याच्या कडेला सापडलेले. त्याचे नाव आजींनाही आठवले नाही आणि नातवालाही माहीत नाही. कुणाच्या घरी जाणते माणूस असेल तर मिस्सानंतर त्यांना जरा वहीपाशी घेऊन यावे.